कल नसलेला प्रश्न

नवरा-बायको एकाच कचेरीत कामाला असले की लोकांना वाटतं, बरं आहे बुवा, डबा एकत्र, जाणं-येणं एकत्र, साहेबाला शिव्याही एकत्र. या दोघांचं तसं नव्हतं. ती तिसऱ्या मजल्यावर बसायची, तो पहिल्या. ती इंग्रजीचं हिंदी करायची आणि तो त्या हिंदीचं परत इंग्रजी करायचा. मूळ इंग्रजी त्याला दाखवायचं नाही, असा नियम. मग तिसरी एक बाई मूळ इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून वाटेत काय सांडलं ते बघायची. या कामाला कचेरीत 'उलटा अनुवाद' म्हणत, आणि त्यामुळे त्याला सगळे उलटेसाहेब म्हणत. उलटेसाहेबांना विचारा, उलटेसाहेब आज रजेवर आहेत. त्याला त्याचं काही वाटत नसे. हल्ली तर त्याला कशाचंच काही वाटत नसे.

दुसऱ्या कुठल्या कचेरीने नवरा-बायकोला अशा कामावर एकत्र ठेवलंच नसतं. पण ती तपासणारी बाई, जिला सगळे मागून 'चाळणी' म्हणत, छातीठोकपणे सांगायची की ही दोघं एका ताटात जेवतील, पण एकमेकांना एका शब्दाचा पत्ता लागू देणार नाहीत. ते खरंच होतं. घरी कामाविषयी अवाक्षर काढायचं नाही, हे त्यांनी लग्नानंतर लगेच ठरवलं होतं. मग कामावरच्या माणसांविषयी बोलणं बंद झालं, कारण बोलता बोलता कामाचा विषय निघायचा. मग दिवसभर काय झालं ते सांगणं बंद झालं, कारण दिवसभर कामच झालेलं असायचं. असं करत करत बोलण्यासारखं उरलं ते दूध, भाजी, विजेचं बिल आणि भिंगरी.

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. लहानपणी घरभर गिरक्या घेत फिरायची आणि भोवळ आली की जो जवळ असेल त्याच्या पायाला मिठी मारायची, म्हणून भिंगरी. आता सातवीत होती. गिरक्या थांबल्या होत्या, तोंड मात्र चालू असायचं. आई-बाबांमध्ये जे काही बोलणं व्हायचं ते बहुतेक तिच्यामार्फतच व्हायचं. आईला सांग मला उशीर होईल. बाबाला विचार गॅस बुक केला का. पोरगी निरोप पोचवायची आणि वर पदरची चार वाक्यं घालायची. "आई, बाबाला उशीर होणार आहे आणि त्याला तू केलेलं सूप हवंय" असं सांगायची. सुपाचं नाव त्याने काढलेलं नसायचं. इतका सैल अनुवाद कचेरीत कुणी केला असता तर चाळणीने त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. घरात मात्र तेवढ्यावरच चूल पेटलेली होती.

त्या महिन्यात कचेरीत काम आलं होतं ते मुलांसाठीच्या प्रश्नांचं. मुलं निवड कशी करतात यावर कुणीतरी अभ्यास करत होतं. कुठला खेळ घेशील, कुणाशेजारी बसशील, दोन वस्तूंतली एक सोडायची झाली तर कुठली सोडशील. इंग्रजीत सगळं रोजच्या वापरातल्या शब्दांत होतं: चूज, पिक, प्रिफर, इट्स अप टु यू. पोरंसोरंही वापरतात असे शब्द. आणि साध्या शब्दांइतकं छळणारं या धंद्यात दुसरं काही नाही. त्यापेक्षा कायद्याची भाषा परवडली. तिथे एकदा शब्द ठरला की तो शंभर पानं मान खाली घालून चालतो. 'चूज'चं तसं नाही. चुनना म्हणावं तर मतपेटी डोळ्यांपुढे येते. छाँटना म्हणावं तर चांगलं उचलण्याऐवजी वाईट बाजूला काढल्यासारखं होतं. पसंद करना म्हटलं की दुकानदार कापडाचे तागे उलगडायला लागतो. आणि समोर बसलेल्या पोराला फक्त दोन चेंडूंपैकी एक घ्यायचा असतो.

'इट्स अप टु यू'ने तर चांगलाच घोळ घातला. तिसऱ्या मजल्यावरून खाली आलं ते 'तुम्हारी मर्ज़ी'. त्याने त्याचं इंग्रजी केलं ते अशा अर्थाचं, की कर जा तुला काय करायचं ते. चाळणीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कपाळावर हात मारला. मुळातलं वाक्य मुलाला मोकळीक देत होतं आणि याचं वाक्य मुलावर रुसून बसलं होतं. तिने त्याला बोलावून विचारलं, की हिंदीत असं रुसण्यासारखं काय आहे. तो म्हणाला, तसं काही नाही, मला तसं ऐकू आलं. कागदावर कुणाचं नाव नसायचं, पण बायकोचं वाक्य त्याला दुरून ओळखू यायचं. 'तुम्हारी मर्ज़ी' वाचताना त्याला तिचं 'तुझी मर्जी' ऐकू आलं होतं, जे ती बेसिनकडे तोंड करून, नळ सोडलेला असताना म्हणायची. अर्थात हे चाळणीला सांगण्यासारखं नव्हतं. वाक्य बदलून 'जैसा तुम्हें ठीक लगे' झालं आणि गाडी पुढे गेली.

त्या कामाला दोन नियम होते, आणि दोन्ही नियम या दोघांच्या हाडीमांसी भिनले होते. पहिला नियम म्हणजे प्रश्नाला कल नको. विचारणाऱ्याला कुठलं उत्तर हवंय याचा मुलाला वाससुद्धा येता कामा नये. वस्तूंची नावं सांगताना एकदा ही आधी, एकदा ती आधी, कारण आधी ऐकलेलं लोक उचलतात. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही, मान हलवायची नाही. दुसरा नियम शेवटच्या पायरीचा होता. तिला कचेरीत 'उलगडा' म्हणत. भाषांतर पक्कं झालं की चार अनोळखी माणसांना बसवायचं, त्यांना वाक्य वाचून दाखवायचं आणि विचारायचं, की तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. उत्तराला चूक म्हणायचं नाही. चूक असेल तर ती वाक्याची. उलगडा घेण्याचं काम बहुतेक त्याच्याकडेच यायचं, कारण समोरचा काहीही बोलला तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. हा मोठा गुण मानला जायचा.

वेगळं व्हायचं ठरलं तेही असंच, रेघ न हलता. तिला दुसऱ्या शहरातल्या शाखेची प्रमुख म्हणून बोलावणं आलं. तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, जा की. तिने विचारलं, तू येशील? तो म्हणाला, नाही वाटत. ती म्हणाली, मलाही तसंच वाटलं होतं. मग तिने चहा केला आणि दोघांनी तो प्यायला. एका संसाराचा निकाल लागायला चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. भांडण नाही, तंटा नाही, तिसरं कुणी नाही. नातेवाइकांची मोठी पंचाईत झाली. कुणाची बाजू घ्यायची तेच कळेना. त्याची थोरली बहीण, भिंगरीची आत्या, फोनवर कळवळून म्हणाली, "अरे, निदान एखादं भांडं तरी आपटा. लोकांना मी सांगू काय?"

त्याचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. वेळेवर उठत होता, दाढी करत होता, जेवत होता. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याला एकंदर सगळ्याच बाबतीत वाटत होतं. बायको कपाटातले आपले कपडे खोक्यांत भरत होती आणि तो खोक्यांना चिकटपट्टी लावून देत होता. चिकटपट्टी सरळ लागली पाहिजे एवढीच त्याला काळजी होती.

राहता राहिली भिंगरी. ती कुणाकडे राहणार? शाळेला महिनाअखेर कळवायचं होतं, इथलं नाव ठेवायचं की काढायचं. त्याला ती हवी होती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, जसा आपला घरचा पत्ता ठाऊक असतो. पण पत्ता आठवून जसं काही उचंबळून येत नाही, तसं हेही आठवून काही होत नव्हतं. ती गेली तर या घरात सकाळी बाथरूमचं दार कोण बडवणार, सुपाचं नाव कोण काढणार, असे विचार यायचे आणि कागदावर लिहिल्यासारखे तसेच पडून राहायचे. बायकोलाही पोरगी हवी होती, हे सांगायला ज्योतिषी नको. पण दोघं शहाणी होती. मुलीची ओढाताण करायची नाही, तिचं तिला ठरवू द्यायचं, असं ठरलं. आत्या म्हणाली, बारा वर्षांच्या पोरीला काय विचारता, तुम्ही ठरवा. त्यावर त्याने तिला मुलांच्या निर्णयक्षमतेविषयी अलीकडेच भाषांतर केलेलं बरंच काही ऐकवलं. आत्याने फोन ठेवून दिला.

शनिवारी दुपारी भिंगरी पोहायला गेलेली असताना दोघं जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली. प्रश्न नीट घडवायचा होता. आयुष्यात पहिल्यांदाच दोघं एका मजकुरावर एकत्र काम करत होती, आणि तेही आपल्या स्वतःच्या भाषेत. तिने लिहिलं, तुला आईकडे राहायचंय की बाबाकडे? तो म्हणाला, आई आधी का? तिने बाबा आधी घातला. मग तिला ते खटकलं. शेवटी दोघांनी मिळून 'आमच्यापैकी कुणाकडे' असं केलं. मग 'राहायला आवडेल' यावर अडलं. आवडेल म्हटलं की दुसरं नावडतं ठरतं. 'निवडशील' म्हटलं तर पोरीला वाटेल बाजारात उभं केलंय. 'सोयीचं वाटेल' हे त्याने सुचवलं. तिने मान हलवली, छान आहे, कोरडं आहे. पुढे तिने आणखी एक वाक्य जोडलं, मुलांच्या प्रश्नांमध्ये जे प्रत्येक पानाच्या तळाशी होतं तेच: कोई बुरा नहीं मानेगा. तिचं हिंदी तिनेच मराठीत आणलं आणि त्याने ते तपासलं. तू काहीही ठरवलंस तरी आमच्यापैकी कुणालाही वाईट वाटणार नाही.

"तिने उलट विचारलं, की तुम्हाला काय वाटतं, तर?" बायको म्हणाली.

"तर म्हणायचं, आम्हाला दोन्ही सारखंच आहे," तो म्हणाला.

त्याने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बायको डोळे मिटून ऐकत होती, कुठे कल येतोय का ते बघत. मग म्हणाली, चाळणीसुद्धा यावर एक खूण करणार नाही. तो हसला. तीही हसली. कित्येक वर्षांत दोघांची एवढी चांगली दुपार गेली नव्हती. हे त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात येऊन तसंच राहिलं.

रविवारी सकाळी प्रश्न विचारला. भिंगरी ओल्या केसांनी सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. पहिलं वाक्य आई बोलली, दुसरं तो, असं वाटून घेतलं होतं, म्हणजे कुणाच्या आवाजाचं वजन पडायला नको. दोघांनी आवाज सरळ ठेवले. पोरगी आधी आईकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. टेनिसचा सामना बघणारे बघतात तसं तिने दोन-तीनदा केलं. मग तिने तोच प्रश्न विचारला, जो विचारणार हे त्यांना ठाऊक होतं.

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"आम्हाला दोन्ही सारखंच आहे," दोघं जवळजवळ एकदमच म्हणाली.

भिंगरी म्हणाली, बरं, विचार करून सांगते. उठली, टॉवेल वाळत घातला, आपल्या खोलीत गेली. बायको हळूच म्हणाली, छान झालं. तोही म्हणाला, हो, छान झालं.

त्यानंतरचे दिवस घरात फार शांततेत गेले. आधी त्याला वाटलं, पोरगी विचार करते आहे. निरोप पोचवायची, पण आता नेमका तेवढाच पोचवायची. बाबा, आई म्हणते आहे की दूध आणायचं आहे. आई, बाबा म्हणतो आहे की आणतो. पदरचं काही नाही. खरं म्हणजे इतकं नेमकं काम बघून त्याला कौतुक वाटायला हवं होतं. त्याला फक्त एवढंच जाणवलं की घरातला एक पंखा बंद पडल्यासारखं झालंय. बायको तिच्या खोलीपाशी जाऊन दाराला हात लावायची आणि न वाजवता परत यायची. कल नको.

आणि मग एका संध्याकाळी जेवताना, पावाला लोणी लावता लावता, भिंगरी म्हणाली, "मी हॉस्टेलला जाते."

शाळेचंच हॉस्टेल होतं, गावाबाहेर, मोठ्या मुलींसाठी. तिच्या मैत्रिणीची बहीण तिथे होती. पोरीने सगळी माहिती काढली होती. आठवीपासून घेतात, भेट ठरवून बघायला जाता येतं, कपाट स्वतंत्र मिळतं. हे सगळं तिने शाळेतला धडा म्हणावा तसं सांगितलं. बायकोच्या हातातला चमचा बशीवर टेकला. त्याने बघितलं, तिच्या मानेवरची शीर उडत होती. पण ती म्हणाली, "ठीक आहे. तू विचार केला असशील." आता त्याची पाळी होती. तो म्हणाला, "तुझा निर्णय आहे." भिंगरीने लोणी पावाच्या चारी कोपऱ्यांपर्यंत नेलं आणि मग पाव न खाता तसाच ठेवून दिला. त्याने बश्या उचलल्या आणि विसळायला घेतल्या. नळाचं पाणी फार गरम येत होतं हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं, हात लाल झाल्यावर.

हॉस्टेल बघायला तोच घेऊन गेला. बायकोची नव्या शाखेशी बैठक होती. दुपारची वेळ, मुली वर्गात गेलेल्या, त्यामुळे इमारत रिकामी होती. जमीन नुकतीच पुसलेली, फिनेलचा वास. लांबलचक व्हरांडा, एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला दोऱ्या आणि दोऱ्यांवर टॉवेल. प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यात दोऱ्याने आकडा शिवलेला. खाली चपलांची मांडणी, तिच्यावरही आकडे. हॉस्टेलच्या बाई धावपळ करणाऱ्या, गुबगुबीत, गळ्यात शिटी अडकवलेल्या. त्यांनी भिंगरीच्या पाठीवर थोपटलं, लवकरच रुळशील म्हणाल्या, आणि रिकाम्या खोलीची किल्ली आणायला गेल्या. तोवर तुम्ही दोघं इथे बसा, म्हणाल्या.

व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं. दोघं बसली. भिंगरीने हात मांड्यांखाली घातले होते, लहान असताना घालायची तसे. बोलण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे बापाने मुलीला अशा वेळी बोलावं असं बरंच काही असणार, पण त्याच्याकडे ते तयार नव्हतं. शांतता लांबत चालली तशी त्याला अस्वस्थ वाटायला लागलं, आणि अस्वस्थ झाल्यावर माणूस जे हाताला येईल ते करतो. त्याच्या हाताला कचेरीतलं काम आलं.

"त्या दिवशी आम्ही तुला जे विचारलं ना," तो म्हणाला, "ते तुला काय समजलं? तुझ्या शब्दांत सांग. चूक-बरोबर काही नाही."

हे तो इतक्या अनोळखी लोकांना विचारत आला होता की वाक्य आपोआप बाहेर पडलं, सरळ आवाजात, कलाशिवाय. भिंगरीने त्याच्याकडे बघितलं नाही. समोरच्या टॉवेलांकडे बघत ती थोडा वेळ विचार करत राहिली. मन लावून उत्तर द्यायची तिला सवय होती.

"तुम्ही वेगळे होताय," ती म्हणाली. "आणि मी कुणाकडे तरी असायला पाहिजे. तुमचं कुणाचंच, मी पाहिजेच असं नाहीये. मी नसले तरी कुणालाच वाईट वाटणार नाहीये. पण कुणाला तरी मला ठेवावं लागणार. तर ते कुणी ठेवायचं, ते मी सांगायचं." मग म्हणाली, "म्हणून मी हॉस्टेल म्हटलं. म्हणजे कुणालाच ठेवायला नको."

एरवी समोरच्याचं बोलणं संपलं की तो बरं म्हणायचा, लिहून घ्यायचा आणि पुढच्या वाक्याकडे वळायचा. चूक असेल तर ती वाक्याची. त्याने तोंड उघडलं, बरं म्हणण्यासाठी, आणि ते त्याला म्हणता येईना. पोरीच्या उत्तरात एकही शब्द चुकलेला नव्हता. त्यांनी जे घडवलं होतं तेच तिने जसंच्या तसं परत दिलं होतं, सांडलं-लवंडलं काही नाही. दोन शिकलेली माणसं भर दुपारी टेबलाशी बसून, हसतखेळत, आपल्या लेकीला तू आम्हाला नको आहेस असं सांगायचं वाक्य घासूनपुसून तयार करत होती. त्याने बाकाची कड धरली.

"भिंगरे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. त्याने तो सरळ करायचा प्रयत्न केला नाही. "मला तू हवी आहेस. माझ्याकडेच राहायला हवी आहेस. तू कुठेही गेलीस तर मला वाईट वाटेल. खूप वाईट वाटेल."

तिने मान वळवली. बघत राहिली. बापाला रडताना तिने पूर्वी बघितलं नव्हतं, त्यामुळे हे नक्की काय चाललंय ते तिला आधी कळलं नसावं.

"मग आधी का नाही बोललास?"

"वाटलं, तुझ्यावर दडपण येईल."

"आलं असतं तर आलं असतं," ती रागाने म्हणाली, आणि मग तिचाही बांध फुटला. रडताना ती त्याच्या दंडावर मुठी मारत होती, जोरात, आणि तो मारू देत होता. दंड दुखत होता. टॉवेल वाऱ्याने हलत होते. कुठल्याशा वर्गातून मुली एका सुरात काहीतरी म्हणत असल्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

बऱ्याच वेळाने तिने बाहीने नाक पुसलं. "आणि आईला?"

इथे त्याला एक वाट मोकळी होती. आईला काय वाटतं ते आईलाच विचार, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं आणि नियमाला धरूनही होतं. पोरगी त्याच्या दंडाला चिकटून बसली होती, तिचे केस त्याच्या हनुवटीला लागत होते, आणि या घडीला त्याने माझ्याबरोबर घरी चल म्हटलं असतं तर ती मुकाट्याने आली असती. त्याला हे स्पष्ट कळलं. बायको काय बोलत नाही ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? इतकी वर्षं तिचं बोललेलं तो उलगडत आला होता, न बोललेलं एकदाही नाही.

"आईला तू माझ्याहून जास्त हवी आहेस," तो म्हणाला. "ती रोज तुझ्या दारापर्यंत येते आणि परत जाते. तुला ऐकू जाऊ नये म्हणून अनवाणी येते. तिला तुझ्याशिवाय तिकडे जायचंच नाहीये. पण ती तुला तसं म्हणणार नाही, कारण तिला वाटतं, ती म्हणाली तर मी एकटा पडेन."

भिंगरीने त्याचा हात हातात घेतला, त्याची बोटं एकेक करून मिटवली आणि उघडली. व्हरांड्याच्या टोकाला किल्ल्यांचा आवाज झाला. बाई येत होत्या.

"बाबा," ती खूप हळू म्हणाली, "मग मी आईबरोबर जाते. चालेल?"

"नाही चालणार," तो म्हणाला. "मला अजिबात नाही चालणार, बाळा. तू जा."

बाई जवळ येऊन पोचल्या. दोघांचे चेहरे बघून जराशा गोंधळल्या, पण अशी बाकावरची रडारड त्यांच्या रोजच्या बघण्यातली असणार. किल्ली पुढे करून त्यांनी विचारलं, की बघायची ना खोली? भिंगरी उठून उभी राहिली आणि म्हणाली, नको, मी माझ्या आईबरोबर जाणार आहे. तोही उठायला गेला आणि परत बाकावर टेकला. बाई, मला एक मिनिट बसू द्या, असं त्याला म्हणावं लागलं.